वृक्षारोहणातील घर्षणगाठीसाठी दोरीची निवड : माहीम परिसरातील वाड्यांच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

उंच झाडावर दोराच्या साहाय्याने काम करताना माणसाचा भार ज्या एका बिंदूवर येतो, तो बिंदू म्हणजे मुख्य दोरावर बांधलेली घर्षणगाठ होय. ही गाठ ज्या लहान दोरीने बांधली जाते, तिची निवड बहुधा 'ती किती वजन पेलते' या एकाच कसोटीवर केली जाते. ही कसोटी आवश्यक असली तरी पुरेशी नाही, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे. पकड, सुटका, उष्णता आणि झीज या चार गोष्टींचा विचार दोरीच्या तंतूशी, जाडीशी व मऊपणाशी जोडून कसा करावा, याचे विवेचन पालघर तालुक्यातील माहीम परिसराच्या संदर्भात केले आहे. बाजारात 'नायलॉन' या नावाने मिळणारी दोरी प्रत्यक्षात कोणत्या तंतूची आहे, याची खात्री करणे ही निवडीची पहिली पायरी होय, असा लेखाचा निष्कर्ष आहे.

बीजसंज्ञा : घर्षणगाठ, गाठदोरी, वृक्षारोहण, कृत्रिम तंतू, माड, श्रमसुरक्षा

१. प्रस्तावना

पालघर तालुक्यातील माहीम हे गाव मुंबईतील माहीमहून वेगळे असून शेजारच्या केळव्यासह 'केळवे-माहीम' या जोडनावाने ओळखले जाते. अरबी समुद्राच्या काठावरील या पट्ट्यात नारळ, सुपारी, केळी व नागवेल यांच्या वाड्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत. केळव्याच्या किनाऱ्यावर सुरूची बने आहेत, तर वस्तीत व रस्त्यांच्या कडेला आंबा, चिंच, वड, पिंपळ, जांभूळ यांची जुनी झाडे आहेत. या भूमीचे अर्थकारण मोठ्या प्रमाणात झाडांवर उभे आहे आणि झाडावर चढणारा माणूस हा त्या अर्थकारणाचा अनिवार्य घटक आहे.

हा माणूस दोन प्रकारची कामे करतो. नारळ-सुपारी उतरवणे व माड साफ करणे हे पहिले. हे काम परंपरेने दोराचे कडे, कोयता व शरीराचे कसब यांच्या बळावर चालत आले आहे. मोठ्या वृक्षांच्या धोकादायक फांद्या उतरवणे हे दुसरे काम. घरे, विजेच्या तारा व शाळा-महाविद्यालयांची आवारे यांच्या निकट वाढलेल्या झाडांमुळे या कामाची गरज वाढली आहे. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळ मुंबई-पालघरच्या किनाऱ्यासमोरून गुजरातकडे सरकले, तेव्हा या किनारपट्टीवर झाडे उन्मळून पडली व फांद्या मोडल्या. अर्धवट मोडून लोंबकळणारी फांदी उतरवणे हे वृक्षसेवेतील सर्वांत धोक्याच्या कामांपैकी एक होय.

अशा कामासाठी जगभर वापरली जाणारी दोर-पद्धती आता भारतातही रुजू लागली आहे. तिच्या केंद्रस्थानी असलेल्या घर्षणगाठीविषयी मराठीत विवेचन फारसे आढळत नाही. या विषयात पदार्थविज्ञान, बहुवारिकांचे रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र व श्रमसुरक्षा या चार शाखा एकत्र येतात.

२. उद्दिष्टे व मर्यादा

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

(अ) घर्षणगाठीचे कार्य सोप्या शब्दांत स्पष्ट करणे.
(आ) गाठदोरीच्या निवडीचे निकष सांगणे.
(इ) माहीम परिसरातील हवामान, झाडे व बाजारपेठ यांच्या संदर्भात त्या निकषांचा अर्थ लावणे.

लेखाची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे. लेख वाचून कोणी झाडावर चढावे, अशी अपेक्षा नाही. दोर-पद्धतीचे शिक्षण जाणकार प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, जमिनीलगत सराव करूनच घ्यावयाचे असते.

प्रस्तुत लेखात झाडावरून सोडलेल्या जाड दोरास 'मुख्य दोर' व त्यावर गाठ बांधण्यासाठी वापरलेल्या लहान दोरीस 'गाठदोरी' असे संबोधले आहे.

३. घर्षणगाठ : स्वरूप व तत्त्व

घर्षणगाठ म्हणजे मुख्य दोराभोवती गाठदोरीचे अनेक वेढे घेऊन बांधलेली अशी गाठ, की जी भार येताच दोरास घट्ट आवळते आणि भार काढताच हाताने वर-खाली सरकवता येते. ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी १९३१ मध्ये मांडलेली व त्यांच्याच नावाने ओळखली जाणारी गाठ सर्वपरिचित आहे. वृक्षारोहणात टॉट-लाइन, ब्लेक, डिस्टेल, वाल्डोटेन ट्रेस इत्यादी गाठी रूढ आहेत. यांपैकी ब्लेक गाठ जेसन ब्लेक यांच्या १९९४ मधील लेखनामुळे अमेरिकेतील वृक्षसेवकांत प्रसृत झाली. ऑस्ट्रियाच्या हाइन्झ प्रोहास्का यांनी तिचे वर्णन त्यापूर्वीच केलेले होते.

'वजन आले की पकड, वजन काढले की सुटका' हे तत्त्व कोकणातील माणसास नवीन नाही. माडावर वा पोफळीवर चढणारा माणूस दोन्ही पायांत दोराचे कडे अडकवतो. पायांवर भार दिला की ते कडे व तळवे खोडाला घट्ट धरतात; भार हातांवर घेतला की पाय वर ओढता येतात. केरळमधील चेंबेरी जोसेफ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माडावर चढण्याच्या यंत्रातही पावलाखालील लोखंडी चौकटीला जोडलेला तारदोर भाराने खोडास आवळतो आणि भार काढताच सैल होतो. घर्षणगाठ हा याच तत्त्वाचा तिसरा आविष्कार होय. फरक इतकाच की येथे खोडाच्या जागी मुख्य दोर आहे आणि कड्याच्या जागी गाठदोरीचे वेढे आहेत.

वेढ्यांचे सामर्थ्य किती असते, हे ऑयलर व आयटेलवाइन यांच्या नावाने परिचित असलेल्या सूत्रावरून कळते. दंडाभोवती गुंडाळलेल्या दोराच्या दोन टोकांवरील ताणांचे गुणोत्तर हे घर्षणगुणांक व वेढ्याचा एकूण कोन यांच्या गुणाकारानुसार घातांकी रीतीने वाढते. घर्षणगुणांक ०.२ धरल्यास एका पूर्ण वेढ्यास हे गुणोत्तर सुमारे ३.५ येते आणि चार वेढ्यांस सुमारे १५० येते. घर्षणगुणांक निम्मा, म्हणजे ०.१ धरल्यास एका वेढ्याचे गुणोत्तर सुमारे १.९ व चार वेढ्यांचे अवघे १२ च्या आसपास राहते. घर्षणगाठीत दोरी मुख्य दोराच्या लांबीच्या दिशेने सरकू पाहते, त्यामुळे हे सूत्र गाठीचे संपूर्ण वर्णन करीत नाही. तथापि त्यातून मिळणारा बोध महत्त्वाचा आहे. तंतूच्या गुळगुळीतपणातील लहानसा फरक गाठीच्या पकडीत फार मोठा फरक घडवितो.

४. गाठदोरीच्या निवडीचे निकष

४.१ तुटण्याची ताकद

दोरी तुटता कामा नये, ही पहिली अट निर्विवाद आहे. अमेरिकेतील वृक्षसेवेच्या सुरक्षामानकात, म्हणजे झेड १३३ मध्ये, चढाईच्या दोराची किमान ताकद ५,४०० पौंड, म्हणजे सुमारे २४ किलोन्यूटन अपेक्षित आहे. याउलट गिर्यारोहणातील साहाय्यक दोरीसाठीच्या ईएन ५६४ या युरोपीय मानकानुसार ६ मिमी जाडीच्या दोरीस ७.२ किलोन्यूटन व ८ मिमी जाडीच्या दोरीस १२.८ किलोन्यूटन ताकद पुरेशी मानली जाते. गिर्यारोहणाच्या दुकानातील ८ मिमी दोरी आणि वृक्षारोहणासाठी मुद्दाम बनविलेली ८ मिमी गाठदोरी या दिसायला सारख्या असल्या तरी एक नव्हेत, हे या आकड्यांवरून ध्यानात येते.

७० किलो वजनाचा माणूस स्थिर लोंबकळताना साधारण ०.७ किलोन्यूटन एवढाच भार देतो. मग इतकी ताकद कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याची तीन कारणे आहेत. दोर सैल असताना घसरल्यास बसणारा झटका स्थिर भाराच्या कितीतरी पट असतो. गाठ मारल्याने दोरीची ताकद लक्षणीय प्रमाणात कमी होते. शिवाय ऊन, पाणी, वाळू व वापर यांमुळे ती दिवसेंदिवस घटत जाते. म्हणून दोरीच्या दोन्ही टोकांस कारखान्यात शिवलेले डोळे असल्यास ते अधिक भरवशाचे ठरतात, आणि उत्पादकाने डोळ्यांसह संपूर्ण दोरीची जी ताकद दिलेली असते तीच ग्राह्य धरावी.

४.२ जाडी व मऊपणा

गाठदोरी मुख्य दोरापेक्षा जितकी बारीक, तितकी तिची पकड तीव्र. मात्र पकड तीव्र झाली की सुटका अवघड होते. गिर्यारोहणात संकटकाळी वर चढण्यासाठी ६-७ मिमी दोरी वापरतात, कारण तेथे गाठ घट्ट बसणे महत्त्वाचे असते. वृक्षसेवकाचे काम निराळे आहे. त्याला दिवसभरात शेकडो वेळा गाठ सरकवावी लागते. त्यामुळे ११.५ ते १३ मिमी जाडीच्या मुख्य दोरावर ८ ते १० मिमी जाडीची गाठदोरी वापरण्याचा प्रघात आहे. ढोबळ मानाने गाठदोरीची जाडी मुख्य दोराच्या ६० ते ८० टक्के असावी. ब्लेक गाठ यास अपवाद असून ती मुख्य दोराएवढ्याच जाडीच्या दोरीनेही बांधली जाते.

जाडीइतकाच मऊपणा महत्त्वाचा आहे. ताठर दोरीचे वेढे दोरास नीट बिलगत नाहीत. गाठ प्रथम सरकते आणि मग अकस्मात पकडते. फार मऊ दोरी लगेच पकडते, परंतु भार काढल्यावरही सैल होत नाही. दोरी बोटांत धरून तिचा लहान वळसा केला असता तो सहज बसावा, पण दोरी चपटी होऊ नये, ही हाताने करता येण्याजोगी प्राथमिक पारख आहे. पकड कमी वाटल्यास एक वेढा वाढवावा आणि गाठ अडकत असल्यास एक कमी करावा. हे समायोजन प्रत्येक माणसाच्या वजनानुसार निराळे असते. एकासाठी योग्य ठरलेली गाठ तशीच दुसऱ्याच्या हाती देणे सुरक्षित नाही.

४.३ उष्णता

निवडीतील सर्वाधिक दुर्लक्षित निकष हाच आहे. माणूस खाली उतरतो तेव्हा त्याच्या उंचीतील ऊर्जेचे रूपांतर घर्षणाद्वारे उष्णतेत होते. ७० किलो वजनाचा माणूस १२ मीटर उंचीवरून उतरला, तर सुमारे ८,२०० ज्यूल ऊर्जा मुक्त होते. दोर फांदीवरून दुहेरी घेतलेला असल्यास गाठीवर साधारण निम्मा भार येतो खरा, पण १२ मीटर उतरताना गाठीतून २४ मीटर दोर सरकतो. त्यामुळे ऊर्जेचा हिशेब तोच राहतो.

या उष्णतेची विभागणी समान नसते. मुख्य दोराचा प्रत्येक भाग गाठीतून क्षणभर जातो व पुढे थंड होतो. गाठदोरीचा आतला पृष्ठभाग मात्र उतरणीच्या आरंभापासून शेवटपर्यंत तोच असतो. गाठीतील दोरीचे वजन ३० ग्रॅम मानले आणि केवळ कल्पनेसाठी सर्व उष्णता तिच्यातच मुरली असे धरले, तर पॉलिस्टरच्या विशिष्ट उष्णतेनुसार तिचे तापमान २०० अंश सेल्सियसहून अधिक वाढेल. प्रत्यक्षात उष्णतेचा बराच भाग मुख्य दोर, फांदीची साल व हवा यांत जातो. पण जी उष्णता गाठदोरीत राहते तीही सर्व जाडीत सारखी पसरत नाही, ती पृष्ठभागावरच्या पातळ थरात साचते. त्यामुळे वेगाने उतरलेल्या माणसाच्या गाठदोरीचा आतला भाग चकाकू लागतो व काचेसारखा कडक होतो.

असे चकाकलेले वेढे आकाराने पूर्वीसारखेच दिसतात. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण येथे शब्दशः लागू पडते. पीळ शाबूत असतो. पण तंतू वितळून एकमेकांस चिकटलेले असतात, ताकद घटलेली असते आणि गुळगुळीत झालेल्या पृष्ठभागामुळे पकडही भरवशाची राहत नाही.

४.४ झीज व परिसर

माहीमच्या वाड्या रेताड जमिनीवर आहेत. ओल्या दोरास चिकटलेली बारीक वाळू वेढ्यांत शिरून तंतू आतून कापत राहते. किनाऱ्यावरील खाऱ्या हवेमुळे मिठाचे कण सुकून दोरी ताठर होते. फणसाचा व चिकूचा चीक दोरीवर वाळला की गाठ सरकेनाशी होते. पावसाळ्यात आणखी एक प्रश्न उद्भवतो. नायलॉन पाणी शोषते, फुगते व ओले असताना त्याची ताकद साधारण १० ते १५ टक्क्यांनी घटते. गाठही अधिक आवळते. पॉलिस्टर नगण्य पाणी शोषत असल्याने ओले असतानाही त्याचे गुणधर्म जवळजवळ कायम राहतात.

बोईसर-तारापूर औद्योगिक पट्टा येथून दूर नाही. तेथील रासायनिक व कापडप्रक्रिया कारखान्यांच्या आवारातही झाडे छाटावी लागतात. खनिज आम्लांचा नायलॉनवर विघातक परिणाम होतो, तर तीव्र अल्कली पॉलिस्टरचे विघटन करते. म्हणून अशा आवारात वापरलेली दोरी वेगळी ठेवून तपासणे आणि कोणतीही दोरी टेम्पोतील बॅटरीशेजारी न ठेवणे हा साधा नियम पाळावयास हवा. बॅटरीतील आम्लाने बाधित झालेली दोरी वरून नेहमीसारखी दिसू शकते.

५. तंतूंची तुलना

गाठदोरीच्या दृष्टीने प्रचलित तंतूंचे गुणधर्म तक्ता क्र. १ मध्ये दिले आहेत. तापमाने अंश सेल्सियसमध्ये व स्थूलमानाने आहेत.

तक्ता क्र. १ : तंतूंचे गुणधर्म

तंतू | वितळण्याचे तापमान | सापेक्ष घनता | गाठदोरी म्हणून योग्यता
पॉलिइथिलिन | १३० | ०.९५ | अयोग्य
अतिउच्च-रेणुभार पॉलिइथिलिन (डायनीमा इ.) | १४५-१५० | ०.९७ | एकटे वापरण्यास अयोग्य, अतिशय गुळगुळीत
पॉलिप्रॉपिलिन | १६५ | ०.९१ | अयोग्य
नायलॉन ६ | २२० | १.१४ | मर्यादित. ओले झाल्यास दुर्बल
पॉलिस्टर | २५५-२६० | १.३८ | योग्य
अरामिड (टेक्नोरा, केव्हलार इ.) | वितळत नाही, सुमारे ५०० ला विघटन | १.३९-१.४४ | वेष्टनात मिश्रण म्हणून उत्तम

तक्त्यातील दुसरी ओळ विशेष विचार करण्याजोगी आहे. डायनीमासारखे तंतू वजनाच्या तुलनेत पोलादाहून कितीतरी बळकट असतात. 'सर्वांत मजबूत दोरी सर्वांत सुरक्षित' हा नियम खरा असता, तर गाठदोरी याच तंतूची करावी लागली असती. प्रत्यक्षात या तंतूचा घर्षणगुणांक अत्यल्प असल्याने गाठ सरकते आणि सरकताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने तो लवकर वितळतो. ताकदीच्या कसोटीवर पहिला येणारा तंतू गाठीच्या कसोटीवर जवळजवळ शेवटी जातो.

अरामिड तंतू उष्णतेस दाद देत नाहीत. तथापि सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी ते क्षीण होतात आणि वारंवार वाकवल्याने आतून तुटतात. म्हणून निव्वळ अरामिडऐवजी अरामिड व पॉलिस्टर यांच्या मिश्रणाचे वेष्टन आणि आत स्वतंत्र गाभा अशी रचना वृक्षारोहणाच्या गाठदोऱ्यांत आढळते. वेष्टन उष्णता सोसते, गाभा भार वाहतो. दररोज दोर-पद्धतीने काम करणाऱ्यास ही रचना उपयुक्त आहे. अधूनमधून व सावकाश काम करणाऱ्यास वृक्षारोहणासाठी बनविलेली पॉलिस्टरची गाठदोरी पुरेशी ठरते.

नैसर्गिक तंतूंविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. काथ्याचा सुंभ खाऱ्या पाण्यात टिकतो व पायातील कड्यासाठी त्याचा खरखरीतपणा उपयोगी पडतो. पण त्याची ताकद एका वावेपासून दुसऱ्या वावेपर्यंत सारखी नसते आणि तो आतून कुजल्याचे बाहेरून दिसत नाही. माणसाचा जीव टांगण्यासाठी त्याची गाठदोरी करू नये.

६. 'नायलॉन' या शब्दाची अडचण

माहीमपासून जवळच सातपाटी हे मासेमारीचे मोठे बंदर आहे. बंदराच्या आसपास दोरांची कमतरता नसते. होडी बांधण्याचे, जाळ्याच्या कडेचे, नांगराचे असे नानाविध दोर बाजारात सहज व स्वस्त मिळतात. व्यवहारात त्या सर्वांना सरसकट 'नायलॉनची दोरी' म्हटले जाते. वास्तविक त्यांतील पुष्कळ दोर पॉलिप्रॉपिलिन वा पॉलिइथिलिनचे असतात. समुद्रावर ते योग्यच आहेत; ते पाण्यावर तरंगतात, कुजत नाहीत आणि स्वस्त असतात. दोष त्या दोरांचा नाही, त्यांच्यावर लादलेल्या कामाचा आहे. १३० वा १६५ अंशांना वितळणारी दोरी घर्षणगाठीत घालणे म्हणजे मेणाचा ब्रेक बसविण्यासारखे आहे.

येथे तरंगण्याचा गुणधर्मच परीक्षेस उपयोगी पडतो. दोरीचा वीतभर तुकडा कापून, वेष्टन व गाभा वेगळे करून, गोड्या पाण्यात चांगला पिळून बुडवावा, म्हणजे तंतूंत अडकलेली हवा निघून जाईल. तुकडा वर आला तर त्या तंतूची घनता पाण्याहून कमी आहे. म्हणजे तो पॉलिप्रॉपिलिन अथवा पॉलिइथिलिनच्या कुळातील असून गाठदोरीचे वेष्टन म्हणून त्याज्य होय. तुकडा बुडाला तर तो नायलॉन, पॉलिस्टर वा अरामिड असू शकतो. परंतु एवढ्यावरून दोरी स्वीकारणे योग्य नाही. ही परीक्षा नाकारण्यासाठी आहे, स्वीकारण्यासाठी नाही. स्वीकारण्यासाठी उत्पादकाचे नाव, तंतू, जाडी, ताकद, मानक व उत्पादनाचे वर्ष यांची लेखी नोंद दोरीसोबत असणे आवश्यक आहे. भारतीय मानक ब्युरोचे आयएस ३५२१ हे मानक उंचावरील कामातील सुरक्षापट्टे व हार्नेस यांविषयी आहे. हार्नेसवर मानकचिन्ह आहे म्हणून त्याला जोडलेली गाठदोरीही प्रमाणित ठरते, असा समज करून घेऊ नये.

७. माड, पोफळ आणि फांद्यांचे वृक्ष

आतापर्यंतचे विवेचन प्रामुख्याने आंबा, चिंच, वड यांसारख्या फांद्यांच्या वृक्षांना लागू आहे. तेथे बळकट बेचक्यातून मुख्य दोर घेता येतो. सुरूच्या बाबतीत बारीक फांदीवर विसंबणे धोक्याचे असल्याने दोर खोडालगत घ्यावा लागतो.

माड व पोफळ हे एकदल वृक्ष आहेत. त्यांना फांदी नाही, बेचके नाही. झावळीच्या देठावर माणसाचा भार टाकणे सर्वस्वी असुरक्षित होय. त्यामुळे माडावर घर्षणगाठीचा उपयोग मुख्यतः खोडाभोवती घेतलेल्या आखूड दोराची लांबी कमी-अधिक करण्यासाठी होतो. खोड वरच्या बाजूस बारीक होत जाते, तसतसा हा दोर घट्ट करावा लागतो आणि गाठदोरीमुळे ते एका हाताने साधते. मात्र खोडाभोवती नुसता वळसा घेतलेला दोर पाय निसटल्यास खोडावरून सरकत खाली येऊ शकतो. म्हणून भार येताच खोडास आवळणारा दुसरा फास आवश्यक असतो. बुटांना लावलेले लोखंडी काटे माडासाठी वर्ज्य मानावेत. एकदल खोडात आंब्यासारखा वर्धिष्णू थर नसल्यामुळे त्यास झालेली जखम भरून येत नाही.

नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये केरळपासून 'माडाचे मित्र' या अर्थाचा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला आणि तरुणांना यंत्राच्या साहाय्याने माडावर चढण्याचे शिक्षण दिले. माडावर चढणाऱ्यांसाठी मंडळाची अपघात विमा योजनाही आहे. ही पावले स्वागतार्ह आहेत. तथापि विमा हा अपघातानंतरचा आधार आहे, तर दोरीची निवड अपघातापूर्वीची.

८. वापर, देखभाल व दोरी बाद करणे

(अ) प्रत्येक दिवशी चढण्यापूर्वी जमिनीपासून हातभर उंचीवर पूर्ण भार देऊन गाठ पकडते व सुटते याची खात्री करावी. दोर, दोरी वा माणूस यांपैकी काहीही बदलल्यास ही चाचणी पुन्हा करावी.

(आ) उतरताना वेग सावकाश व एकसारखा ठेवावा. मध्येच थांबल्यास तापलेली गाठ एकाच जागी दोरावर दाबून राहते, याचे भान असावे.

(इ) दोरी गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी. उन्हात, तापलेल्या इंजिनाजवळ वा रसायनांशेजारी ठेवू नये.

(ई) चकाकी, कडकपणा, वेष्टनाचे तुटलेले धागे, जाडीतील असमानता, गाभा दिसणे, रंग उडणे, शिलाई सैल होणे यांपैकी एकही लक्षण आढळल्यास दोरी बाद करावी.

(उ) बाद केलेली दोरी कापून तिचे तुकडे करावेत. अखंड ठेवलेली बाद दोरी पुढे कोणाच्या तरी हाती पुन्हा पडते.

(ऊ) कामाच्या जागी स्वतःस दुसऱ्या आखूड दोरानेही बांधून घ्यावे. कोयता वा करवत चालत असताना एकाच दोरावर विसंबू नये.

गाठदोरी ही संपूर्ण साहित्यातील सर्वांत स्वस्त व सर्वांत लवकर झिजणारी वस्तू आहे. ती झिजावी व वेळोवेळी बदलली जावी, अशीच तिची योजना आहे. काटकसरीसाठी तिचे आयुष्य लांबविणे हे हिशेबाच्या दृष्टीनेही चुकीचे ठरते.

९. निष्कर्ष व शिफारशी

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) गाठदोरीची निवड केवळ ताकदीवर न करता पकड, सुटका, उष्णता व झीज यांच्या एकत्रित विचाराने करावयास हवी. सर्वाधिक बळकट तंतू गाठीसाठी अयोग्य ठरू शकतो.

२) माहीमसारख्या दमट, खाऱ्या व रेताड परिसरात पॉलिस्टरची, तसेच नित्य वापरासाठी अरामिड-पॉलिस्टर मिश्र वेष्टनाची, ८ ते १० मिमी जाडीची व शिवलेल्या डोळ्यांची गाठदोरी अधिक योग्य आहे.

३) 'नायलॉन' हे बाजारातील नाव तंतूची खात्री देत नाही. लेखी नोंद नसलेली दोरी माणसाच्या भारासाठी वापरू नये.

४) महाविद्यालयांनी आपल्या आवारातील वृक्षछाटणीचे काम देताना गाठदोरी व अन्य साहित्याची नोंद मागवावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना उंचावरील छाटणीच्या कामास लावू नये. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र विभागांना दोरीच्या तंतूंची घनता, घर्षण व उष्णता यांवरील साधे प्रयोग विद्यार्थ्यांकडून करून घेता येतील आणि त्यांचे निष्कर्ष परिसरातील वाडीवाल्यांपर्यंत पोहोचविता येतील.

शेवटी एका व्यावहारिक विसंगतीकडे लक्ष वेधणे आवश्यक वाटते. वाडीत, संस्थेत वा कारखान्यात दोरी विकत घेणारा एक असतो आणि तिच्यावर लोंबकळणारा दुसरा असतो. घेणाऱ्यास दोरीची किंमत दिसते. लोंबकळणाऱ्यास ती निवडण्याचा अधिकार बहुधा नसतो. झाडावर चढणाऱ्याचे कसब पिढ्यान्‌पिढ्यांचे असले तरी वितळलेल्या तंतूपुढे त्या कसबाचे काही चालत नाही. म्हणून गाठदोरीचे ज्ञान चढणाऱ्याइतकेच ती विकत घेणाऱ्यास असणे अगत्याचे आहे आणि दोरी नाकारण्याचा अंतिम अधिकार चढणाऱ्याच्याच हाती असला पाहिजे.